तवब्याची व्याख्या

व्याख्या करणे हे मोठे जोखमीचे काम आहे, हे आपल्या नैयायिकांनी फार पूर्वी ओळखले होते, आणि म्हणूनच लक्षणाच्या वाटेवर अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव हे तीन दोष त्यांनी पहाऱ्याला बसवून ठेवले. गाय म्हणजे कपिल वर्णाचा पशू असे म्हणावे, तर पांढरी गाय बाहेर राहून हंबरते; गाय म्हणजे शिंगे असलेला पशू म्हणावे, तर म्हैस निर्धास्तपणे आत येते; आणि या दोघींच्या कटकटीला कंटाळून गाय म्हणजे न दुभंगलेल्या खुराचा पशू असे ठरवावे, तर दावणीला एकही गाय शिल्लक राहत नाही. अशा कडेकोट बंदोबस्तात सामान्य मनुष्याने व्याख्येच्या वाटेस जाऊ नये हेच श्रेयस्कर. तथापि ज्या शब्दाला मुळात अर्थच नाही त्याची व्याख्या करावयास बसले, की हे तिन्ही पहारेकरी हात जोडून उभे राहतात. कारण जिथे लक्ष्यच नाही तिथे लक्षण चुकणार कोणत्या तोंडाने? निरर्थक शब्द ही विद्वत्तेच्या प्रांतातली इनाम जमीन आहे : धारा नाही, मोजणी नाही आणि बांध कोरल्याबद्दल फिर्याद लावणारा शेजारीही नाही.

या इनामावर डोळा ठेवणारे लोक आजकालचे नव्हेत. संस्कृत वैयाकरणांना एकदा अशा शब्दाची गरज पडली, की ज्याच्या मागे जाती नाही, गुण नाही, क्रिया नाही. कोणीतरी लहरीने ठेवला म्हणून जो अस्तित्वात आला. गाय, पांढरी आणि चालणारी हे तीन प्रकार सांगून झाल्यावर चौथ्या प्रकाराच्या उदाहरणासाठी त्यांनी 'डित्थ' हे नाव घेतले, आणि मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'पर्यंत हे डित्थमहाशय निरर्थकपणाच्या एकाच भांडवलावर सुखाने नांदले. पण शब्द रिकामा बसलेला पाहून ज्यांच्या पोटात दुखते असे सज्जन प्रत्येक शतकात जन्मास येतातच. त्यांपैकी कोणी एकाने सांगून टाकले, की डित्थ म्हणजे लाकडाचा हत्ती, आणि त्याचा जोडीदार डवित्थ म्हणजे लाकडाचे हरीण. दुसऱ्याला हे सुतारकाम पसंत पडले नाही. त्याने डित्थ म्हणजे सावळ्या वर्णाचा, तरुण, देखणा आणि सर्व शास्त्रांचा अर्थ जाणणारा पुरुष असे लक्षण रचले. शब्दकोश बिचारे मोठे समन्वयवादी; त्यांनी दोन्ही अर्थ शेजारी शेजारी बसवले. पदवीदानाचा समारंभ ज्याने एकदा तरी शेवटपर्यंत पाहिला आहे, त्याला सर्वशास्त्रपारंगत पुरुष आणि लाकडी हत्ती यांत फारसा विरोध भासू नये.

वेदांतली गोष्ट याहून नाजूक. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अश्विनांच्या एका सूक्तात 'जर्भरी' आणि 'तुर्फरीतू' असे दोन शब्द आले आहेत, आणि ते कानावर पडताच चार्वाकपंथीयांना जो हर्ष झाला तो 'सर्वदर्शनसंग्रहा'त नमूद आहे. पंडितांची भाषा कशी असते याचा नमुना म्हणून त्यांनी हीच जोडी पुढे केली. यास्कांच्या 'निरुक्ता'ने मात्र मुद्रा गंभीर ठेवून जर्भरी म्हणजे भरण करणारे आणि तुर्फरीतू म्हणजे हनन करणारे असा उलगडा दिला. सकाळी स्नान करून बसलो असता मला यास्क पटतात. संध्याकाळी मित्रमंडळींत चार्वाक.

पाश्चात्यांनी या शास्त्रात आपल्यावर ताण केली, ती अजाणता. अमेरिकेतल्या वेबस्टरच्या थोर कोशासाठी १९३१ साली रसायनशास्त्राच्या संपादकाने एक चिठ्ठी पाठवली. तिचा मथितार्थ एवढाच, की मोठा 'डी' किंवा लहान 'डी' हे अक्षर घनतेचे संक्षिप्त रूप म्हणून वापरतात. इंग्रजीत 'किंवा'ला 'ऑर' म्हणतात. कोशातल्या मुख्य शब्दांची अक्षरे सुटी सुटी टंकित करण्याची तेथे पद्धत होती. त्यामुळे 'डी ऑर डी' ही चार सुटी अक्षरे पुढच्या मेजावरील गृहस्थांनी प्रेमाने जुळवली आणि 'डोर्ड' नावाचे अपत्य जन्मास आले. त्याला नामजाती मिळाली, उच्चार मिळाला, 'घनता' हा अर्थ तर चिठ्ठीतच होता. १९३४ साली ते कोशात छापले गेले, आणि १९३९ साली एका संपादकाला या शब्दाची व्युत्पत्ती कोठेच दिलेली नाही असे दिसेपर्यंत तेथे अब्रूने राहिले. एवढ्या अवधीत त्याच्याविरुद्ध कोणाची तक्रार आली असती, तर चौकशीही तेव्हाच झाली असती. पण कोशात पाहून ज्याचा संशय फिटतो तो मनुष्य कोशाचा संशय कशाला घेईल!

मला या डोर्डाविषयी भावकीचा जिव्हाळा वाटतो, कारण त्याचा एक चुलतभाऊ मी प्रत्यक्ष पाहिला आहे. उमेदवारीच्या काळात मी एका तालुक्याच्या कचेरीत कारकून होतो. मोडी मागे पडत चालली होती आणि जुन्या कागदांच्या बाळबोध नकला करवून घेण्याचे दिवस होते. मोडीची रीत अशी, की आधी ओळभर आडवी रेघ ओढून घ्यावयाची आणि मग तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरे टांगीत जावयाचे. एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याने आपल्या बुद्धीने ठरवावे. अशाच एका कागदात पड जमिनीच्या वर्णनात 'गवत व बाभळी' असे सरळ शब्द होते. नक्कलकाराने ते 'गव', 'तवबा' आणि 'भळी' असे तोडले. गव म्हणजे गहू लिहिताना बोरूने घेतलेली डुलकी असे ठरले, भळी हे शेताचे नाव असणार यावर एकमत झाले, आणि तवबा तेवढा कचेरीच्या गळ्यात पडला.

प्रथम मोल्सवर्थचा जाडजूड कोश काढला. तवकीर सापडली, तवा सापडला, पण दोहोंच्या दरम्यान जिथे तवबा असावयाचा तिथे तो नव्हता. अव्वल कारकुनांना फारसीचे वेड. त्यांनी सांगितले, की शब्द उघड उघड यावनी आहे आणि जी बाब भरताना रयत 'तोबा तोबा' करी तिला जुन्या अमलात तवबा म्हणत असावेत. कज्जाच्या कामाने आलेल्या एका शास्त्रीबुवांना हे परकीय आक्रमण सहन झाले नाही. "अहो रावसाहेब, शब्द अस्सल संस्कृतोद्भव आहे," ते उपरणे सावरीत म्हणाले. "तव म्हणजे तुझा, बा म्हणजे बाप. तवबा म्हणजे तुझ्या बापाचे, अर्थात वडिलोपार्जित!" शिरस्तेदारांना ही व्युत्पत्ती फार आवडली, कारण येणाऱ्या पक्षकारांना जे उघड विचारता येत नसे ते आता सरकारी भाषेत विचारण्याची सोय झाली. ओसरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मात्र भाषाशास्त्राची गरज भासली नाही. "हाय की तवबा आमच्या शिवारात," तो म्हणाला. "आज्याच्या टायमाला लई व्हता. आता कुटं ऱ्हायलाय तेवढा?" त्याला वाटले असावे, की नुकसानभरपाई मिळणार आहे.

वर्षअखेरीच्या पत्रकात तवब्यासाठी स्वतंत्र रकाना पडला, आणि आम्ही त्यात 'निरंक' असे लिहून पत्रक जिल्ह्याला रवाना केले. उलट टपाली विचारणा आली, की जुन्या कागदांवरून सदर तालुक्यात तवबा असल्याचे दिसून येते, सबब तो निरंक कसा झाला याचा समर्पक खुलासा व्हावा. येथे कचेरीत प्रथमच भीतीचे वातावरण पसरले, कारण जे कधी नव्हते ते कोणाच्या कारकिर्दीत नाहीसे झाले, हा प्रश्न निवृत्तिवेतनापर्यंत पोचणारा होता. शेवटी शेजारच्या गावच्या एका वृद्ध कुलकर्ण्यांना बोलावणे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, मूळ कागद नाकाशी नेला, ओळीवरून नख फिरवले आणि 'गवत व बाभळी' एवढे म्हणून ते पान लावावयास बसले.

मी समजलो, प्रकरण मिटले. पण कचेरीत जे जन्मते ते केवळ खरे कळल्याने मरत नाही. तवबा ही बाब कमी करावी असा प्रस्ताव वर गेला आणि जसाच्या तसा परत आला. वर शेरा होता : 'जी बाब रद्द करावयाची तिची व्याख्या सोबत जोडलेली नाही.' गवत आणि बाभळी म्हणावे तर ती दोन्ही आमच्या हद्दीत उदंड होती आणि त्यांचे रकाने वेगळे होते. तेव्हा शिरस्तेदारांनी दौत माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "तुम्ही मासिकांत लिहिता ना? मग करा व्याख्या." मी लिहिले :

'तवबा : जमिनीचा असा अंश, की जो मोजणीच्या वेळी आढळत नाही, पिकाच्या वेळी उगवत नाही, ज्यावर धारा बसत नाही व ज्यापासून कोणासही उपद्रव नाही, परंतु ज्याची नोंद न ठेवल्यास उर्वरित जमिनीचा मेळ बसत नाही.'

शिरस्तेदारांनी ती एकदा मनात आणि एकदा मोठ्याने वाचली, 'उपद्रव' पुढे 'वा तोशीस' एवढे शब्द वाढवले आणि खाली मामलेदारांची सही घेतली. पंधरवड्याने उत्तर आले : 'व्याख्या मान्य. अशा स्वरूपाच्या जमिनीवर नजर ठेवणे अगत्याचे असल्याने बाब रद्द करता येत नाही. इतर तालुक्यांनाही रकाना उघडण्याविषयी लिहिले आहे.'