मार्क पायऱ्यांना

उणे पाच गुणिले सात म्हणजे उणे पस्तीस, हे सातवीतलं पोरही सांगेल. माझ्या भाचीला मात्र त्यासाठी वहीचं अख्खं पान लागतं. ती कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. राहते मुलुंडला, कॉलेज अंधेरीला. म्हणजे लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रो. परीक्षा जवळ आली की त्या मेट्रोत तिच्या वयाची बरीच मुलं मांडीवर वही घेऊन शून्य आणि एक लिहीत बसलेली असतात. शेजारची बाई कौतुकाने डोकावते, ओळीच्या ओळी शून्य-एक पाहते आणि निमूट आपल्या मोबाइलकडे वळते.

विषय आहे कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन अँड आर्किटेक्चर. अभ्यासक्रम बदलला की नाव थोडं इकडेतिकडे होतं, पण मुलांच्या तोंडी तो सीओए.

मी एकदा तिला म्हटलं, "अगं, एवढी मरमर कशाला? कॅल्क्युलेटर आहे ना?"

"मामा, उत्तर हवंय कुणाला? ते प्रश्न वाचतानाच कळतं. मार्क पायऱ्यांना असतात."

खरंच, उत्तराची इतकी उपेक्षा करणारा दुसरा विषय मला माहीत नाही. पेपर चालेल तेवढा वेळ ही मुलं चक्क यंत्र होतात. कागदावर रकाने आखायचे, उणे पाचाचे 1011 करायचे, एकदा वजा करायचं, मग सगळे अंक एकेक घर उजवीकडे सरकवायचे. वरच्या ओळीत एक शून्य निसटलं की खालचा डोलारा गेलाच. तो गेल्याचं कळतं तेही शेवटच्या ओळीत, कारण उणे पस्तीस तर आधीपासून ठाऊक असतात आणि समोर भलतंच काहीतरी येऊन बसलेलं असतं. त्याच वेळी बाहेर दप्तरात बंद करून ठेवलेला फोन तेवढाच गुणाकार नॅनोसेकंदात उरकू शकतो.

गुणाकाराची ही रीत अँड्र्यू डोनाल्ड बूथ यांची, लंडनच्या बर्कबेक कॉलेजातली, 1950 ची. स्फटिकांच्या संशोधनापायी त्यांच्याकडे आकडेमोड बेसुमार असे, आणि टेबलावरच्या गणकयंत्रांत बेरजेपेक्षा अंक सरकवणं लवकर होई. सात म्हणजे बायनरीत 0111. तीन एक, म्हणून तीन बेरजा. बूथ यांनी पाहिलं की सात म्हणजे आठ उणे एक. एकदा वजा करा, मधल्या एकांवरून नुसतं सरकत जा, शेवटी एकदा मिळवा, झालं काम. श्रम वाचावेत म्हणून काढलेल्या या युक्तीवर बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत किती रिफिली संपत असतील कोण जाणे.

पायऱ्यांना मार्क द्यायची ही पद्धत मला आधी हास्यास्पद वाटायची. मग भाचीनेच पेंटियमची गोष्ट सांगितली. आमच्या आजोबांना पावकी, निमकी, दीडकी, औटकी सगळं तोंडपाठ होतं. सहा साडेतीन किती म्हटलं तर ते गुणत नसत, त्यांना एकवीस आठवत. इंटेलच्या पेंटियम चिपच्या पोटातही भागाकारासाठी असाच एक पाढा कोरलेला होता. तो पाहून भागाकाराचा पुढचा अंक ठरायचा. 1994 मध्ये अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांकांची बेरीज करत होते आणि ती काही केल्या जुळेना. पुढे एक उदाहरण फार गाजलं. 4195835 ला 3145727 ने भागलं की यायला हवेत 1.3338, चिप सांगायची 1.3337. पाढ्यातली काही घरं भरायची राहिली होती, आणि त्यातली पाच नेमकी भागाकारात आडवी येत होती. इंटेलने या प्रकरणापोटी 475 दशलक्ष डॉलर बाजूला काढले. आजोबांच्या शाळेत एवढ्यासाठी एक छडी पुरली असती. भाचीचं म्हणणं असं, की आमच्या पेपरात पेंटियमला दहापैकी आठ तरी मिळाले असते, रीत बरोबर होती.

आणि अशी यंत्रं काही परदेशातच घडतात असं नाही. आपल्याच मुंबईत, कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, रंगस्वामी नरसिंहन यांच्या गटाने 1960 साली टिफ्रॅक हा संगणक उभा केला. त्याची स्मृती होती 40 बिटांच्या 2048 शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबात 10 किलोबाइट. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारं गुलाबाचं फूल तिच्यात मावलं नसतं. आणि मुलुंड-अंधेरीच्या मधेच, पवईच्या आयआयटीत, अलीकडे माधव देसाई आणि सहकाऱ्यांनी 'अजित' नावाचा प्रोसेसर घडवला. म्हणजे रकाने आखणारी ही मुलं अगदीच हवेत बाण मारत नाहीयेत. त्यातल्या बहुतेकांना पुढे अ‍ॅप आणि वेबसाइटच करायच्या आहेत, ही गोष्ट वेगळी.

परवा तिचा भागाकार चालला होता. सात भागिले तीन. याच्या दोन रीती. 'रिस्टोअरिंग'मध्ये वजा करून बघायचं, उणे आलं तर काढलेलं जिथल्या तिथे परत ठेवायचं आणि मग पुढे सरकायचं. 'नॉन-रिस्टोअरिंग'मध्ये उणे आलं तरी थांबायचं नाही, पुढच्या पायरीत वजा करण्याऐवजी मिळवून भरपाई करायची. मला पहिली रीत मनापासून पटली. काढलेली वस्तू जागेवर ठेवावी, हे या घरात मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. भाची अर्थातच दुसऱ्या पक्षातली. "परत कशाला ठेवायचं? पुढे बघू ना!"

मग आम्ही दोघंही सोडवायला बसलो. माझ्या चारपैकी तीन पायऱ्यांत काढलेलं परत ठेवायची वेळ आली. ती सरसर पुढे गेली. भागाकार दोघांचाही दोन आला. तिची बाकी मात्र उणे दोन निघाली, आणि बाकी उणे राहिलेली चालत नाही. पुस्तकातला नियमच तसा आहे. शेवटच्या ओळीत तिला तीन परत मिळवावे लागले.

"ही रिस्टोअरच झाली की," मी म्हटलं.

"एकदाच," ती म्हणाली. "तू तीनदा केलीस."