दाविदराव बसलेले आहेत

आइसलंडमध्ये बहुतेकांना आडनावच नसतं. बापाच्या नावाला 'सोन' किंवा 'दोत्तिर' जोडलं की काम भागतं. टेलिफोन डिरेक्टरी पहिल्या नावानं लावलेली असायची, आणि पंतप्रधानाला हाकही पहिल्या नावानंच. त्यामुळे दाविद ऑडसन हे गृहस्थ महापौर झाले, पंतप्रधान झाले, गव्हर्नर झाले, तरी लोकांच्या तोंडी नुसते 'दाविद'च राहिले. आपल्याच्यानं हे व्हायचं नाही. इतक्या खुर्च्या भोगलेल्या माणसाला एकेरी हाक कशी मारणार? आपण दाविदराव म्हणू.

दाविदराव म्हणजे सत्तेत बसलेला विरोधी पक्ष. १९७४ साली ते रेक्याविकच्या नगरपरिषदेत निवडून आले. १९७८ ते ८२ ही चार वर्षं सोडली, तर प्रत्यक्ष विरोधी बाकांवर बसायची पाळी त्यांच्यावर फारशी आली नाही. पण बोलणं कायम असं, की जणू सरकार दुसऱ्याच कुणाचं आहे आणि हे बिचारे गॅलरीतून बघताहेत.

याचं मूळ बहुधा नाटकात असावं. शाळेत असताना त्यांनी झारी या फ्रेंच नाटककाराच्या नाटकातला उबू राजा केला होता. उबू म्हणजे ढेरपोट्या, हावरट, भित्रा आणि तरीही सिंहासनावर चढून बसलेला. पुढे दोन मित्रांना घेऊन रेडिओवर 'माथिल्दुर' नावाचा कार्यक्रम केला, त्यात पुढाऱ्यांची यथेच्छ टिंगल. १९७६ साली कायद्याची पदवी घेतली, पण कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्याऐवजी शहराच्या आरोग्यविम्याच्या कचेरीत व्यवस्थापक झाले. वकिली कोर्टात केली नाही म्हणून ती वाया गेली असं कुणी समजू नये. ती पुढं जन्मभर उपयोगी पडली, आणि अशील नेहमी एकच होतं.

१९८२ साली, चौतिसाव्या वर्षी, कुरळ्या केसांचं जंगल डोक्यावर घेऊन ते महापौर झाले. १९८६च्या ऑक्टोबरात रेगन आणि गोर्बाचेव्ह बोलणी करायला आले ते शहराच्याच मालकीच्या होफ्दी बंगल्यात. अण्वस्त्रांचा प्रश्न तिथं सुटला नाही, पण रेक्याविक जगाच्या नकाशावर आलं. मग महापौरांना बांधकामाचा नाद लागला. शहराच्या मधोमध त्योर्निन नावाचं तळं आहे, आणि मुलांना घेऊन तिथल्या बदकांना पाव घालणं हा तिथला पिढीजात कौटुंबिक कार्यक्रम. दाविदरावांनी नवी नगरपालिका बांधायला जागा निवडली ती नेमकी त्या तळ्याच्या कोपऱ्यात, अर्धी पाण्यात. गावात आरडाओरडा झाला. दुसरीकडे टेकडीवर गरम पाण्याच्या सहा प्रचंड टाक्या होत्या. त्यांच्या डोक्यावर काचेचा घुमट आणि त्यात फिरतं हॉटेल, असा दुसरा बेत. टीकाकारांनी शाई संपवली. मग १९९०ची निवडणूक आली आणि मतदारांनी दाविदरावांच्या पक्षाला ६० टक्के मतं देऊन टाकली. बदकांना मताधिकार नव्हता.

१९९१ साली स्वतःच्याच पक्षाच्या विद्यमान अध्यक्षाला पाडून ते अध्यक्ष झाले, आणि लगेच पंतप्रधानही. तेरा वर्षं! देशात इतका काळ कुणी पंतप्रधान राहिलेलं नाही. सरकारी बँका त्यांच्याच कारकिर्दीत विकल्या गेल्या. २००३ साली त्यांतल्या एका बँकेच्या साहेबांनी स्वतःला शेअरचं घसघशीत बक्षीस ठरवून घेतलं. दाविदराव संतापले. आता पंतप्रधान संतापला तर काय करील? चौकशी लावील, कायदा करील. हे गृहस्थ चालत बँकेच्या शाखेत गेले, खिडकीपाशी उभे राहिले आणि आपले चार लाख क्रोनर काढून घेऊन बाहेर पडले. पेन्शनीतल्या मास्तरांनी करावं असं आंदोलन चालू पंतप्रधानानं केलं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचा छापील परिचय एकीकडे आणि ती खिडकी एकीकडे.

पुढं वर्षभर परराष्ट्रमंत्री, आणि मग मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर. ऑक्टोबर २००८मध्ये देशातल्या तिन्ही मोठ्या बँका आठवड्याभरात कोसळल्या. गव्हर्नरसाहेब टीव्हीवर आले आणि म्हणाले, की बेफिकीर लोकांची कर्जं आपण फेडायची नाहीत. आपण आधीच बजावलं होतं, हेही त्यांनी पुढं सांगितलं. लोक भांडी बडवत रस्त्यावर उतरले. सरकार पडलं. नव्या पंतप्रधानबाईंनी राजीनामा द्या असं पत्र पाठवलं. दाविदरावांनी उत्तर पाठवलं, राजीनामा नाही. शेवटी संसदेला कायदा बदलावा लागला, तेव्हा कुठं ती खुर्ची रिकामी झाली.

म्हणजे फेब्रुवारी २००९. सप्टेंबरात ते 'मॉर्गुनब्लाडिड' या देशातल्या वजनदार दैनिकाचे संपादक झाले! एप्रिल २०१०मध्ये चौकशी आयोगाचा जाडजूड अहवाल आला. त्यात निष्काळजीपणाचा ठपका ज्यांच्यावर होता त्यांत हे माजी गव्हर्नर होते, आणि देशभरच्या पेपरांबरोबर ती बातमी त्यांच्याही पेपराला छापायची होती.

२०१६ साली राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. १३.७ टक्के मतं, चौथा नंबर. निवडून आला एक इतिहासाचा प्राध्यापक. दाविदराव पुन्हा संपादकाच्या टेबलाशी. आठवड्याच्या शेवटच्या अंकात बिनसहीचा एक लांबलचक लेख यायचा, आणि तो कुणाचा हे सगळ्यांना माहीत असायचं. युरोपच्या वीज-कायद्यावरून वाद पेटला तेव्हा त्या स्तंभानं सत्तेतल्या एका पक्षाची अशी सालटी काढली की बोलायची सोय नाही. पक्ष दाविदरावांचाच. १४ वर्षं ते त्याचे अध्यक्ष होते.