बिल्डपंत

जेथे धूर तेथे अग्नी या न्यायाने, जेथे जीएनयू रेडिओ तेथे एक बिल्डपंत असायचेच. पूर्वी सोल्डरिंगच्या धुरात होणारी रेडिओची कामे संगणकाच्या आज्ञावलीने व्हावीत, म्हणून एरिक ब्लॉसम यांनी २००१ साली ही मुक्त प्रणाली सुरू केली. तीत नसलेला ब्लॉक, म्हणजे संकेतावर एखादी प्रक्रिया करणारा घटक, ज्याला हवा असेल त्याने तो स्वतंत्र मॉड्यूलच्या रूपाने रचून जोडावा, अशी उदार सवलतही पुढे मिळाली. आणि अशा मॉड्यूलांचे अडलेले बिल्ड सोडवून देणाऱ्या बिल्डपंतांना त्याच सवलतीने तहहयात वतनाची सनद बहाल केली.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्यांच्यापुढे उभा राहणारा विद्यार्थी बहुधा रडकुंडीला आलेला असतो. "सर, सकाळपासून एरर जात नाही," एवढे तो म्हणतो, आणि पंत पडद्याकडे न पाहताच विचारतात, "व्हर्जन कितवं?" मॉड्यूल ३.७ च्या अमदानीतले आणि प्रणाली मात्र ३.१० ची असे निघाले, की त्यांची मुद्रा खुलते, कारण ३.८ मध्ये ब्लॉकांची वर्णने एक्सएमएलमधून यामलमध्ये कशी गेली आणि २०२१ साली आलेल्या ३.९ मध्ये सी++ ला पायथनशी जोडणाऱ्या स्विगची सद्दी संपून पायबाइंड११ चा अंमल कसा सुरू झाला, ही साद्यंत बखर त्यांना मुखोद्गत असून, ती ऐकवल्याखेरीज कीबोर्डला स्पर्श न करण्याचा त्यांचा नेम आहे.

मॉड्यूल इन्स्टॉल होऊनही पायथनला ते सापडत नाही, ही तक्रार ते किरकोळीत जमा करतात. गहाळ झालेला कागद पुढल्या टेबलाच्या दप्तरातच असणार हे कचेरीतला मुरलेला अव्वल कारकून जितक्या निर्विकारपणे सांगतो, तितक्याच निर्विकारपणे ते सांगतात, की माल साइट-पॅकेजेसमध्ये पडला आहे आणि पायथन डिस्ट-पॅकेजेसमध्ये शोधतो आहे. तेव्हा पायथनपाथ दुरुस्त करावा, आणि लायब्ररीच दिसत नसेल तर एलडीकॉन्फिग चालवावे.

त्यांच्या विद्वत्तेला खरे भरते येते ते 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' पाहून. गेल्या पावसाळ्यात एका मुलीने १०९० मेगाहर्ट्झवरचे विमानांचे संकेत उलगडणारे मॉड्यूल आणले होते. बिल्ड विनातक्रार झाले, परंतु इम्पोर्ट करताच अंडरस्कोर, झेड, एन, टू, जी, आर अशी अक्षरांची अगम्य माळ पडद्यावर उमटली. त्या माळेत नावाआधी येणारा आकडा त्या नावाची अक्षरसंख्या सांगतो, हे तिला समजावीत पंतांनी बोटाने अक्षरे मोजली, फंक्शनचे नाव वाचले, आणि क्षणभर डोळे मिटून फर्मावले, "नवी सीसी फाइल सीमेकलिस्ट्समध्ये नोंदवलेली नाही." नोंद खरोखरच नव्हती. जिचे संकलनच झाले नाही त्या फाइलमधील फंक्शनाविषयी लिंकरने बिल्डच्या वेळी चकार शब्द काढला नव्हता. गैरहजेरी उघडकीस आली ती हजेरीची वेळ आल्यावर. नोंद झाली, जुने बिल्ड फोल्डर पंतांनी स्वहस्ते निकालात काढले, आणि नवे बिल्ड करताना घाईने चार कामे एकदम चालवू पाहणाऱ्या मुलीला दटावले, "एकेक होऊ दे, नाहीतर पहिली चूक वर कुठे वाहून जाते आणि लोक शेवटच्या ओळीचेच जाबजबाब घेत बसतात!"

या वेळी इम्पोर्ट मुकाट्याने झाले. अँटेना खिडकीत टेकवताच विमानांचे क्रमांक आणि उंची यांच्या ओळी झरझर उमटू लागल्या, आणि मुलगी हर्षभराने ओरडली, "सर, हे बघा, आत्ता आपल्या डोक्यावरून जातंय ते! कुठलं असेल हो?"

बिल्डपंतांनी चष्मा पुसला, रांगेतल्या पुढच्या विद्यार्थ्याला खुणेने जवळ बोलावले आणि कोरडेपणाने म्हणाले, "ते खातं आमच्याकडे नाही."