मुठीचे फेशियल

अमेरिकी लष्कराने १८७३ साली स्वीकारलेल्या कोल्ट रिव्हॉल्व्हरची मूठ अक्रोडाच्या एकाच तुकड्याची असे आणि तपासनीस तिच्यावर चौकटीत आपली आद्याक्षरे ठोकत असे. तो शिक्का इतका उथळ, की पॉलिश पेपरचे चार हात फिरले की गेलाच. तरी संग्राहक हौसेने मूठ घासतात, वर वॉर्निश चढवतात. जुनेपणासाठी पैसे मोजायचे आणि घरी आणल्यावर आधी तोच पुसायचा! हे घासणे लपतही नाही: मूळ लाकूड भोवतीच्या पोलादी पट्टीशी सपाट भिडते, घासलेले खाली बसते आणि बोटाला पायरी लागते.

‘मग काय मळकट, तडकलेलेच ठेवायचे?’ मळ मऊ फडक्याने पुसा. तड सरसाने सांधा, तो पुढे ऊब आणि ओल देऊन सोडवता येतो. मूठच हरवली असेल तर नवी बसवा, पण नवी म्हणून सांगा. कोणी दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी जनरल पॅटनचा दाखला देईल. त्याच्या १९१६ च्या कोल्टला हस्तिदंती मूठ होती, तीही आद्याक्षरे कोरलेली. खरे आहे; पण तो ते कमरेला लावून लढाईवर जात होता, आपण काचेच्या कपाटापर्यंत जातो. पुसलेला शिक्का पुन्हा ठोकून देणारेही भेटतात म्हणे. त्या कामाला डागडुजी म्हणत नाहीत, बनावट म्हणतात.