डॉलरची रद्दी

२०१०-११ साली देशात ५.४ लाख टन कागद आणि पुठ्ठा बाहेरून आला. २०१८-१९ मध्ये १४.८ लाख टन. करोनात आकडा घसरला, पण २०२३-२४ मध्ये तो १९.३ आणि २०२४-२५ मध्ये २०.५ लाख टनांवर गेला. दीड दशकात जवळपास चौपट. चीनमधून येणारा माल तर शेवटच्या एका वर्षात ३३ टक्क्यांनी वाढला.

एक कारण सरळ आहे. आसियान देशांशी मुक्त व्यापाराचा करार २०१० पासून लागू झाला आणि शुल्क उतरत उतरत २०१४ मध्ये त्या देशांच्या कागदावर शून्यावर आले. इंडोनेशियातल्या गिरणीजवळ लागवडीची जंगले आहेत. आपल्याकडे १९८८ च्या वन धोरणाने उद्योगांना सांगितले की लाकूड शेतकऱ्यांकडून घ्या, सरकारी जंगलाकडे बघू नका. ते धोरण योग्यच होते, आजही आहे. पण त्यामुळे आपले लाकूड महाग पडते, हेही खरे.

म्हणून गिरण्यांनी संरक्षण मागितले आणि सरकारने थोडेफार दिले. ऑक्टोबर २०२२ पासून कागद आणायचा तर आधी नोंदणी करावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये औषधांच्या, टूथपेस्टच्या डब्यांसाठी लागणाऱ्या कोऱ्या लगद्याच्या बहुस्तरी पुठ्ठ्यावर टनाला ६७,२२० रुपयांची किमान आयात किंमत लावली. गिरणी मालकाला दिलासा मिळाला. आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा भिवंडीच्या रस्त्यावर चार मशिनांवर डबे छापणाऱ्याचे काय? तो पुठ्ठा विकत घेतो, त्याचा कच्चा माल महागला. त्याच्या वतीने बोलायला दिल्लीत कोणी नसते.

त्याच वर्षी सप्टेंबरात जीएसटी बदलला. तयार खोक्यावर १२ चे ५ टक्के झाले, आणि खोके ज्या क्राफ्ट कागदातून बनते त्यावर १२ चे १८. खोकेवाला १८ भरून माल घेणार, ५ लावून विकणार आणि मधला फरक परत मिळेपर्यंत खेळते भांडवल अडकवून बसणार. हा दर ठरवणाऱ्याने खोक्याचा एखादा कारखाना एकदा तरी आतून पाहायला हवा होता. ही विसंगती सरकारने ताबडतोब दूर केली पाहिजे.

पण मला भांडायचे आहे ते दुसऱ्याच आयातीबद्दल. तयार कागदाच्या आकड्यांवर निवेदने निघतात, परिषदा भरतात. रद्दीच्या आयातीवर मात्र कोणी बोलत नाही. भारतातला सत्तर टक्क्यांहून जास्त कागद रद्दीपासून बनतो. ती रद्दी घरची पुरत नाही, म्हणून अमेरिका-युरोपातून कंटेनर भरभरून मागवली जाते. न्हावाशेवासारख्या बंदरांत उतरते आणि वापीकडच्या गिरण्यांत जाते. चीनने २०२१ पासून परदेशी कचरा घेणे पूर्ण बंद केले. आपण मात्र वापरलेल्या खोक्यांसाठी अजूनही डॉलर मोजतो.

आणि आपली खोकी? भिवंडीच्या गोदामांतून निघालेली पार्सले रोज डोंबिवली-कल्याणच्या दारोदार पोचतात. खोके फाडले, वस्तू काढली, खोके डब्यात. त्याच डब्यात आमटीचे खरकटे, चहाचा चोथा. अर्ध्या तासात त्या पुठ्ठ्याची किंमत संपते. ओला, तेलकट पुठ्ठा गिरणी घेत नाही. घेतलाच तर भावात कापते, कारण तेल लगद्यात उतरते आणि कागदावर डाग धरते.

आपला पुठ्ठा कोरडा ठेवला की सगळी आयात थांबेल, असा दावा मी करत नाही. परदेशी खोक्यात लांब, ताजा तंतू असतो, तर आपला पुठ्ठा आधीच पुन्हापुन्हा दळलेल्या आखूड तंतूंचा. मजबुतीसाठी थोडा बाहेरचा माल लागणारच. पण आज लागतो तेवढा लागण्याचे कारण नाही.

कचरा वेगळा ठेवणे जमते, याचा पुरावा आपल्याच घरात आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेने २०२० मध्ये ओला-सुका वेगळा नसेल तर कचरा उचलणार नाही, अशी मोहीम उघडली. लोकांनी शिव्या घातल्या, मग डबे दोन केले. २०२१ मध्ये वर्षानुवर्षे धुमसणारे आधारवाडीचे डम्पिंग बंद झाले. त्या शहराने एकदा करून दाखवले आहे, म्हणून तर आज कुठेही मिसळलेला कचरा गाडीत पडताना दिसला की राग येतो. ठाण्याने भंडार्लीची जागा शोधून दिव्याचे डम्पिंग थांबवले, मग आतकोलीची जागा शोधली. जागा शोधण्यात जेवढी शक्ती गेली, तिच्या निम्मी सोसायट्यांच्या जिन्याखाली लावली असती तर शोधाव्या लागणाऱ्या जागा लहान झाल्या असत्या.

जिन्याखाली एक कोरडी जागा, पुठ्ठ्यासाठी. एवढेच लागते. पावसाळ्यात तर हमखास, कारण जूनमध्ये गेटबाहेर ठेवलेला गठ्ठा सकाळपर्यंत लगदा झालेला असतो. रद्दीवाल्याशी आठवड्याचा वार ठरवा आणि तो काटा घेऊन आला की त्याला वॉचमनने हाकलू नये. शहराचा कागद ज्यांच्या पाठीवरून परत गिरणीत जातो, ते रद्दीवाले आणि कचरा वेचणाऱ्या बायका. त्यांना ओळखपत्र, वर्गीकरणाची छप्पर असलेली शेड आणि भावाची हमी देणे हे ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांचे काम आहे.

आणि दोन्ही महापालिकांच्या आयुक्तांकडे एक मागणी. प्रत्येक प्रभागातून महिन्याला किती टन कोरडा कागद-पुठ्ठा गिरणीकडे गेला आणि किती कचऱ्यात भिजून वाया गेला, हे दोन आकडे दर महिन्याच्या पाच तारखेला प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावा. बंदरात उतरलेल्या कागदाचा हिशेब दिल्ली ठेवते, डोंबिवलीत भिजलेल्या कागदाचा हिशेब डोंबिवलीनेच ठेवायला हवा.