पाऊणकी

गुहागर ते गणपतीपुळे हा सायकलप्रवास मी पुण्यात सोफ्यावर बसून एकदा करून चुकलो होतो. नकाशावर निळा समुद्र, त्याला बिलगून रस्ता, अंतर साठेक किलोमीटर. समुद्रकाठ म्हणजे सपाट, एवढा भूगोल तर आपल्याला येतो. संध्याकाळी पुळणीवर तंबू ठोकायचा आणि सूर्यास्त बघायचा. बायकोने फक्त "गुडघ्यांना विचारलंस का?" एवढंच विचारलं होतं.

माघातली पहाट. व्याडेश्वराला हात जोडून साडेसहाला निघालो. माझा भूगोल गुहागरची वस्ती संपेपर्यंत टिकला. पुढे घाटी लागली.

या किनाऱ्यावर गावं सगळी खाली, खाडीच्या किंवा ओढ्याच्या तोंडाशी नारळी-पोफळीत दडलेली. दोन गावांच्या मध्ये सडा. म्हणजे आधी शंभरेक मीटर चढायचं, वर उघड्या माळावर वारा खायचा, समुद्र एकदा डोळे भरून पाहायचा आणि मिळवलेली सगळी उंची दोन मिनिटांत ब्रेक दाबत उधळून टाकायची. खाली पूल, देऊळ, चार घरं. की पुन्हा चढ. पालशेत, अडूर, वेळणेश्वर. माझ्या कॅरिअरवर तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह आणि "लागली तर" म्हणून घेतलेली, कधीच न लागणारी सोळा वस्तूंची पिशवी.

सडा जांभ्याचा. बुकॅनन नावाच्या साहेबाने मलबारात हा दगड पाहिला आणि 1807 मध्ये विटेच्या लॅटिन नावावरून त्याला लॅटराइट म्हटलं. कोकणातला माणूस मात्र त्याचे चिरे काढून घर बांधतो आणि नावाच्या भानगडीत पडत नाही. जमिनीतून काढताना हा दगड मऊ असतो, हवा लागली की कडक होत जातो. माझे गुडघेही त्याच जातीचे निघाले. चढावर दोन मिनिटं थांबलं की त्यांचा चिरा व्हायचा.

एका घाटीत मी सायकल हातात धरून चालत होतो. मागून आलेला मोटरसायकलवाला थांबला. "चेन गेली का हो?" खोटं बोलायची इतकी सोयीची संधी कोण सोडेल? "हो ना," म्हटलं. तो भला माणूस गाडी स्टँडला लावून चेन बसवायला चक्क खाली वाकला. चेन जागेवर होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही, हात पुसले आणि गेला. पुढचा अख्खा चढ मी सायकलवर बसून चढलो. लाजेत एवढी अश्वशक्ती असते हे तेव्हा कळलं.

हेदवीला बामणघळीपाशी पोचलो तेव्हा सकाळची भरती नुकतीच होऊन गेली होती. खडकातल्या त्या अरुंद चिरेत लाट घुसते, आत कोंडते आणि फवारा होऊन उसळते. मी अर्धा तास बसलो. पाण्याने आपल्या वाटचे कष्ट घ्यावेत आणि आपण नुसतं बघावं, ही सोय सकाळपासून पहिल्यांदाच मिळाली होती. मग घावणे, चटणी, पुन्हा घावणे.

तवसाळच्या जेटीवर फेरीबोट लागली होती. शास्त्री नदीची खाडी ओलांडून ती जयगडला सोडते. आमच्या शेजारी भली मोठी पांढरी मोटार उभी होती. काच खाली करून आतल्या गृहस्थांनी आदराने विचारलं, "पुण्याहून सायकलवर?" पुण्याहून सायकल बसच्या टपावर आली होती. पण सकाळच्या एका खोट्यानंतर आता एका मौनाने काय बिघडणार? मी फक्त समुद्राकडे बघितलं. या खाड्यांवर आता पूल होणार आहेत म्हणतात. होवोत. पण मोटार आणि सायकल एकाच वेळी पलीकडे पोचतात अशी जागा मग उरायची नाही.

चारच्या सुमाराला मालगुंडच्या अलीकडे पुळण दिसली. ओहोटीचं पाणी लांब गेलेलं, ओली वाळू कडक. सुरूच्या बनाखाली सपाट जागा बघून तंबू ठोकला, दोऱ्या ताणल्या आणि दोन पावलं मागे जाऊन स्वतःचंच कौतुक केलं.

मागे एक आजोबा उभे होते. हातात कोयता, सोबत कुत्रा.

"काय हे?"

"तंबू."

"तो दिसतोय. पाण्यात कशाला ठोकलात?"

मी लांबवर गेलेल्या समुद्राकडे बोट दाखवलं. त्यांनी माझ्या तंबूच्या वरच्या अंगाला वाळूत पडलेल्या काळपट शेवाळाच्या रेषेकडे कोयता दाखवला.

"आज बारस. बारा पाऊणे?"

"अं?"

"पाऊणकी हो. बारा पाऊणे नऊ. नऊ वाजता पाणी इथे."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चंद्र रोज पाऊणएक तास उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागून तेवढीच उशिरा येते. मी मोबाइल काढून पाहिलं. त्यात नऊ वाजून काही मिनिटं दिली होती. आजोबांनी डोकावलं नाही. मोबाइलचं बरोबर आलं, याचं त्यांना कौतुक वाटल्यासारखं दिसलं नाही.

"आमच्या वाडीत लावा. पण माडाखाली नको. नारळाला डोळे असतात, माणसाच्या डोक्यावर पडत नाही म्हणतात. पण आमचे माड जुने आहेत. दिसत असेल-नसेल."

तंबू शेवटी त्यांच्या खळ्यात, तुळशीवृंदावनाशेजारी लागला. स्टोव्ह पेटवायची वेळच आली नाही. आजींनी कुळथाचं पिठलं आणि भात वाढला आणि माझ्या पाकीटबंद नूडल्सकडे पाहून "हे औषध आहे का?" असं काळजीने विचारलं.

नऊला टॉर्च घेऊन पुळणीवर गेलो. चांदणं एवढं होतं की टॉर्चची गरज नव्हती. संध्याकाळी जिथे उशाची बाजू ठरवली होती, तिथे आता फेस पसरत होता.

परत आलो तर आजोबा ओटीवर अजून जागे.

"आलं?"

"आलं."

"मग उद्या तेरस. तेरा पाऊणे?"

माझा हात आपसूक खिशाकडे गेला. आजोबांनी तो गेलेला पाहिला, दिवा मालवला आणि अंधारातून म्हणाले, "राहू दे. सकाळी सांगा."