अजून गणित शक्य आहे

दहावीला बीजगणितात काठावर पास झालेला माणूस मार्च संपता संपता गणितात एकदम हुशार होतो, हा चमत्कार नाशिकमध्ये दरवर्षी घडतो. कॉलेज रोडची चहाची टपरी असो की सातपूर एमआयडीसीतली दुसऱ्या पाळीची जेवणाची सुट्टी, त्याची बोटं चालूच असतात. "आपले सात सामने राहिले. पाच जिंकले की पंधरा गुण. एक बरोबरी धर, सोळा. त्यांनी फक्त दोन हरायचे, बस!" यातले 'आपले' सात हजार किलोमीटरवरच्या लंडनमध्ये राहतात आणि नाशिक नावाचं गाव त्यांच्या कानावर पडलेलं असण्याचं काही कारण नाही. स्वतःच्या गृहकर्जाचा व्याजदर विचारला तर हा माणूस बायकोकडे बघतो. गोलफरक मात्र त्याला अधिक-उण्यासकट तोंडपाठ असतो.

या दुखण्याचं मूळ १९८१ सालच्या इंग्लिश फुटबॉलमध्ये आहे. तोवर तिथे विजयाला दोन गुण मिळत. जिमी हिल या माजी खेळाडूने आग्रह धरला म्हणून ते तीन झाले. पुढे १९९४ च्या विश्वचषकापासून फिफानेही तीन गुणांची रीत उचलली. सामने चुरशीचे व्हावेत हा हेतू होता आणि तसे ते झालेही असतील. पण खरा फायदा झाला तो आशेचा. दोन गुणांच्या जमान्यात सहा गुणांची पिछाडी भरून काढायला आपण तीन सामने जिंकावे आणि पुढच्याने तीन हरावेत असा योग जुळून यावा लागे. तीन गुणांत हेच काम दोन सामन्यांत होतं. म्हणजे जो चाहता पूर्वी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शहाणा व्हायचा, तो आता मेपर्यंत लांबतो.

शेवटच्या दिवसाची व्यवस्था तर चाहत्याच्या रक्तदाबाचा पक्का विचार करूनच केलेली आहे. १९८२ च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियाविरुद्ध दहाव्या मिनिटाला गोल केला. या निकालात दोघांचंही भागतंय हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून उरलेला वेळ त्यांनी चेंडू इकडून तिकडे फिरवत घालवला. घरी गेला त्याच गटातला अल्जीरिया. त्याचा सामना आदल्या दिवशीच उरकला होता. तेव्हापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवायची पद्धत पडली. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या अखेरच्या रविवारी दहाच्या दहा सामने एकदम सुरू होतात, ते आपल्याकडे रात्री साडेआठला. नाशिकचा चाहता टीव्हीवर आपला सामना लावतो, मोबाइलवर शत्रूचा, आणि देव पाण्यात घालून बसतो. पाण्याची टंचाई नाही, गोदावरी हाताशी आहे. अडचण असते ती रिमोटची, कारण घरातल्या बाकीच्यांना आयपीएल बघायचं असतं.

आर्सेनल या लंडनच्या संघाच्या नाशिककर चाहत्याला तिथल्या चाहत्यापेक्षा एक जादा सोय आहे. ती म्हणजे सिंहस्थ. २००३-०४ चा हंगाम आर्सेनलने एकही सामना न हरता जिंकला. ३८ सामने, २६ विजय, १२ बरोबरी. तो हंगाम ऑगस्ट २००३ मध्ये सुरू झाला तेव्हा गुरू सिंह राशीत होता आणि रामकुंडावर पर्वणीची गर्दी लोटली होती. हा योग भाविकाच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. मग बारा वर्षं कळ काढली. २०१५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा सिंहस्थ आला, पुन्हा शाहीस्नानं झाली, पुन्हा नवा हंगाम सुरू झाला. गुरू प्रसन्नही झाला, फक्त पत्ता चुकला. सट्टेवाल्यांनी हंगामाच्या तोंडावर ज्यांना एकास पाच हजारांचा भाव दिला होता, त्या लेस्टर सिटीने ८१ गुणांनी विजेतेपद नेलं. आर्सेनल दुसरं आलं, ७१ गुण. पुढची पर्वणी २०२७ मध्ये आहे. त्या तयारीत महापालिका आहे, तसा हाही आहे.

दोन पर्वण्यांच्या मधला काळ आर्सेनलने चौथ्या क्रमांकाच्या उपासनेत काढला. १९९६-९७ पासून सलग २० हंगाम हा संघ पहिल्या चारांत राहिला आणि पहिल्या चारांत येणं हासुद्धा एक करंडकच आहे, असं त्यांचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर सांगू लागले. या करंडकाला कपाट लागत नाही, पॉलिशही लागत नाही. चाहत्याने तो आनंदाने घरी आणला. "पहिला नंबर गेला ना? मग आता काय बघतोस?" या बाबांच्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर तयार असे: "बाबा, चौथा आला तर चॅम्पियन्स लीग." बाबा आयुष्यभर एका सरकारी कचेरीत असतात. चौथं आल्यावर चॅम्पियन म्हणवून घेता येतं, हे त्यांना निवृत्तीनंतर कळतं.

आता दमदार शेवटाबद्दल. चाहते ज्याचा जप करतात, तो दमदार शेवट आर्सेनलने २०२३-२४ मध्ये प्रत्यक्षात करून दाखवला. नववर्षानंतरच्या १८ लीग सामन्यांपैकी १६ जिंकले, एक बरोबरीत सोडवला, एकच हरला. अखेरच्या दिवशी, १९ मे २०२४ ला, एव्हर्टनला २-१ ने हरवलं. एकूण ८९ गुण. त्याच वेळी मँचेस्टर सिटीने वेस्ट हॅमला ३-१ ने हरवलं आणि ९१ गुण केले. त्याच्या आदल्या वर्षी आर्सेनल दुसरं होतं, नंतरच्या वर्षीही दुसरंच. शेवट दमदार झाला की सगळं मिळतं असं मानणाऱ्यांनी हे आकडे देवघरात लावायला हरकत नाही.

मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्याचं गणित वेगळं आहे, त्याला वजाबाकी जास्त लागते. सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी २०१३ मध्ये विजेतेपद जिंकून निवृत्ती घेतली. त्यानंतर हा चाहता दर ऑगस्टला विजेतेपद, दर डिसेंबरला पहिले चार, दर फेब्रुवारीला पहिले सहा आणि दर एप्रिलला 'निदान मान राखा' अशा पायऱ्या उतरत आला आहे. २०२४-२५ मध्ये पायऱ्याच संपल्या. युनायटेड १५ वं आलं, ४२ गुण. तरीही आशा होती, कारण २१ मे २०२५ ला बिल्बाओत युरोपा लीगची अंतिम लढत होती. समोर टॉटनहॅम. ते युनायटेडला १-० ने हरवून करंडक घेऊन गेले आणि लीगमध्ये १७ वे आले, म्हणजे खाली घसरण्यापासून एक पायरी वर. १७ वा क्रमांक, वर युरोपचा करंडक, वर पुढच्या चॅम्पियन्स लीगमध्ये जागा! दुसऱ्या वर्षी आपण काहीतरी जिंकतोच, अशी बढाई मारून ती खरी करून दाखवणारे प्रशिक्षक अँज पोस्टेकॉग्लू यांना क्लबने सोळा दिवसांत घरी पाठवलं. हे असं का, याचा उलगडा सिडकोतल्या कुठल्याही कट्ट्यावर अजून झालेला नाही.

इंग्लंडमधल्या एका युनायटेडभक्ताने ऑक्टोबर २०२४ मध्ये नवस बोलला, की संघ सलग पाच सामने जिंकेपर्यंत केस कापणार नाही. अख्खं २०२५ साल सरलं तरी कात्री लागली नव्हती. इंग्लंडात त्याचं कौतुक झालं, त्याच्यावर बातम्या आल्या. त्र्यंबकेश्वरच्या आखाड्यांत या गोष्टीचं कुणाला नवल वाटणार नाही. तिथे जटा वाढवणाऱ्यांनी फळाची अपेक्षा आधीच सोडलेली असते, एवढाच काय तो फरक.

या सगळ्यात क्लबचं बिघडत काहीच नाही. प्रीमियर लीगच्या तक्त्यात एक जागा वर सरकलं की साधारण २५ ते ३० लाख पौंड जास्त मिळतात. म्हणजे चौदावं की पंधरावं, हा नाशिकमध्ये अब्रूचा प्रश्न असतो आणि मँचेस्टरमध्ये हिशेबनिसाचा. चाहत्याच्या वाट्याला येते जर्सी. अस्सल परवडत नाही म्हणून ती मेन रोडवरून घ्यायची आणि पहिल्या धुण्यात तिचा लाल रंग बनियनला लागू द्यायचा.

यावर कुणी देशाभिमानी म्हणेल, आपल्या मातीतला संघ का धरत नाही? प्रश्न रास्त आहे. कोल्हापूरकराने तो विचारावा, त्याला अधिकार आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब हे संघ तो शाहू स्टेडियमवर डोळ्यांनी बघतो. सोपा गोल चुकवणारा पोरगा पुढच्या गल्लीत राहत असल्याने जाब विचारायची सोयही आहे. नाशिकला ती नाही. आय-लीग किंवा आयएसएल या राष्ट्रीय लीगमध्ये या शहराचा संघ कधी नव्हता. १५ सप्टेंबर २०१७ ला राज्य सरकारने 'मिशन वन मिलियन' काढलं. पुढच्या महिन्यात १७ वर्षांखालील विश्वचषक होता, त्यातले काही सामने नवी मुंबईत होते, म्हणून राज्यातल्या दहा लाख मुलांनी एका दिवशी फुटबॉल खेळावा अशी ती टूम होती. शाळाशाळांत चेंडू पोचले, फोटो निघाले. त्या दिवशी सातवीत असलेला नाशिकचा मुलगा आज मतदार आहे आणि त्याला चिंता आहे ती मँचेस्टरच्या उजव्या बचावपटूच्या गुडघ्याची.

शिवाय महाराष्ट्रात संघावर जीव लावणं धोक्याचं आहे. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये मालकांनीच बंद केला. २०१२-१३ मध्ये आय-लीगचं उपविजेतेपद मिळवलेला पुणे एफसी गेला. भारत एफसी एका हंगामात आटोपला. डीएसके शिवाजियन्स गेला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला. यातल्या एकालाही तक्त्याच्या तळाने मारलेलं नाही, सगळे ताळेबंदाने गेले.

उरला मुंबई सिटी. २०१४ साली जन्मलेला हा संघ नाशिकला त्यातल्या त्यात जवळचा, आणि शेवटच्या दिवसाचे सगळे नमुने त्याने एकट्याने पुरवले आहेत. २०२०-२१ मध्ये अखेरच्या साखळी सामन्यात कोलकात्याच्या मोहन बागानला २-० ने हरवून त्याने ४० गुणांवर बरोबरी साधली आणि साखळीत पहिल्या येणाऱ्याला मिळणारी लीगची ढाल मिळवली. एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा अखेरचा सामना, पुन्हा तोच प्रतिस्पर्धी, या वेळी कोलकात्यात. बरोबरी पुरेशी होती. मुंबई १-२ हरली आणि एका गुणाने ढाल गेली. तीन आठवड्यांनी त्याच मैदानावर त्याच बागानला ३-१ ने हरवून तिने आयएसएलचा चषक आणला. मार्च २०२५ मध्ये बाद फेरी गाठायला बंगळुरूत एक गुण हवा होता. मुंबई २-० ने जिंकली, सहावी आली. चाहत्याने पेढे वाटले. त्याच महिन्यात, त्याच मैदानावर, त्याच बंगळुरूने बाद फेरीत मुंबईला ५-० ने घरी पाठवलं.

आय-लीगमध्ये तर मैदानावरचा शेवट पुरेसा नाही असं ठरलं. ६ एप्रिल २०२५ ला सामने संपले तेव्हा गोव्याचा चर्चिल ब्रदर्स ४० गुणांवर पहिला होता. इंटर काशी ३९ वर. पण प्रतिस्पर्ध्याने अपात्र खेळाडू उतरवल्याची काशीची एक तक्रार पडून होती. भारतीय फुटबॉल महासंघाच्या अपील समितीने चर्चिलच्या बाजूने कौल दिला, चर्चिलला करंडकही मिळाला. मग प्रकरण स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे गेलं आणि १८ जुलैला इंटर काशी विजेता ठरला. विजयी गोल वकिलाने केल्यावर जल्लोष कसा करायचा, याचा सराव भारतीय चाहत्याला अजून व्हायचा आहे.

त्याच उन्हाळ्यात नाशिकच्या मुंबई सिटीवाल्याचे ग्रह मात्र जुळत होते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. कसारा घाट टळला. आता अंधेरीचा साडेसातचा सामना बघून मध्यरात्रीच्या आसपास घरी पोचता येईल, असा त्याने हिशेब मांडला. रस्ता झाला आणि पुढच्याच महिन्यात आयएसएल स्थगित झाली. महासंघ आणि आयोजक कंपनी यांचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. निविदा काढली, एकही बोली आली नाही. डिसेंबरमध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहानेही मुंबई सिटीतून अंग काढून घेतलं. जानेवारीत सुनील छेत्रीसकट खेळाडूंनी फिफाला साकडं घातलं.

इंग्लंडचा चाहता हंगामाचा शेवट चांगला व्हावा म्हणून नवस बोलतो, आपल्या चाहत्याने तो हंगाम सुरू व्हावा म्हणून बोलला. तो फळला. १४ फेब्रुवारी २०२६ ला लीग सुरू झाली: १४ संघ, एकूण ९१ सामने. आदल्या हंगामात साखळीत प्रत्येकाच्या वाट्याला २४ सामने होते, या वेळी १३. तेव्हा बोटं मोजणाऱ्या नाशिककरांनो, 'अजून सात सामने राहिलेत' हे वाक्य या लीगमध्ये सहाव्या सामन्यानंतरच म्हणावं लागतं.